अठ्ठावीस मेपर्यंतचं काम

पनवेल
९ जुलै २०१२

प्रिय हरेश,

सलाम. परवा फोन केला तर सत्यवतीवहिनींनी उचलला. म्हणाल्या, यांना फोनवर आता काही ऐकू येत नाही, उगाच हो हो म्हणतात आणि मला नंतर निस्तरावं लागतं, तेव्हा तुम्ही लिहूनच पाठवा. म्हणून लिहितो. आपटा गावच्या शाळेत तुझ्या वहीत बघून निबंध उतरवणारा मी, तुला पत्र लिहायला तीन दिवस घेतले.

काम असं आहे. काळूरामशेठने नवीन पनवेलच्या बाहेर एका बिल्डरचं बांधकाम घेतलंय, चार इमारती. त्यांच्या गच्च्या आणि सगळी बाथरूमं यांचं वॉटरप्रूफिंग माझ्याकडे होतं. फेब्रुवारीत सुरू केलं, अठ्ठावीस मेला शेवटची गच्ची पाणी भरून तपासून दिली. पावसाआधी संपवलं. सहा लाख चाळीस हजार येणं आहे. शेठ म्हणतो, वरून आले की देतो. वरचा बिल्डर म्हणे फ्लॅट विकले की देतो.

माझी नऊ माणसांची टोळी. मुख्य कारागीर बाळू, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरचा. कोब्याला उतार द्यावा तर त्यानेच, पाणी बरोबर नळीकडे जातं. त्याची आई कृष्णाबाई पडली, पाय मोडला, म्हणून तो एकतीस मेला वाडीवर गेला तो अजून फिरकलेला नाही. बाकीच्यांना मी सांभाळून घेतलंय, पण किती दिवस? टोळी एकदा फुटली की पुन्हा जमत नाही.

चार वर्षांपूर्वी तू मला अलिबागला तुझ्या उद्योग खात्याच्या ऑफिसात बसवून धंद्याच्या नोंदणीचा फॉर्म भरायला लावला होतास. म्हणाला होतास, कधीतरी उपयोगी पडेल. पडतो का?

कुबराचा वहिनींना सलाम.

तुझा,
ताहेर


अलिबाग
१६ जुलै २०१२

प्रिय ताहेर,

पत्र मिळालं. कानाला मशीन लावलंय, पण त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. तेव्हा लिहीत जा. जे लिहिलं ते राहतं.

फॉर्म उपयोगी पडतो. लहान उद्योगांसाठी २००६ साली कायदा झाला, त्याखाली तुझी नोंद आहे. कायदा थोडक्यात असा. काम स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर पंधराच दिवस. त्यानंतर दर महिन्याला चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट. 'वरून आले की देतो' हे कारण कायद्यात नाही. कामाबद्दल तक्रार असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी करायची. शेठने तशी काही केली आहे का?

दाद सुकरता परिषदेकडे मागायची, म्हणजे या कायद्याखाली थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या मंडळाकडे. आधी समेट, नाही झाला तर निवाडा. बांधकामाचं काम या कायद्यात बसतच नाही असं म्हणणारे वकीलही आहेत, हे तुला आधीच सांगून ठेवतो.

अजून एक. हा दावा वरच्या बिल्डरवर होत नाही. ज्याने तुला काम दिलं त्याच्यावर होतो. म्हणजे काळूरामशेठवर. नीट विचार कर आणि बिलाची प्रत पाठव.

हरेश


पनवेल
२ ऑगस्ट २०१२

प्रिय हरेश,

बिल सोबत आहे. त्यावर तारीख नाही. विसरलो नाही, टाकलीच नव्हती. इथली पद्धतच ती. शेठचा हिशेबनीस सांगतो, बिल दे पण तारखेची जागा कोरी ठेव, पैसे देऊ त्या दिवशीची टाकू. म्हणजे त्यांना कर आधी भरावा लागत नाही. तारखेचं बिल नेलं तर तो घेतच नाही. बारा वर्षं मी अशीच बिलं दिली आणि बारा वर्षं पैसे मिळाले, म्हणून कधी डोक्यात आलं नाही.

शेठला भेटलो. तू म्हणालास ते पंधरा दिवसांचं विचारलं. लेखी तक्रार काही नाही, पण आता त्यांचा इंजिनिअर तोंडी म्हणतोय की तीन फ्लॅटमध्ये ओल आहे. मी कायद्याचं नाव काढल्यावर शेठने समोरचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "ताहेर, माझं सव्वा कोटी वर अडकलंय. मी कुनाच्या नावानं अर्ज करू? तू कर. पन मंग माझ्याकडं चहाला येऊ नको."

तुला माहीत आहे, २००० साली मस्कतहून परत आलो तेव्हा मला कोणी काम देत नव्हतं. शेठनेच पहिली गच्ची दिली. अब्बा गेले तेव्हा कबरस्तानापर्यंत चालत आला होता.

मेहुणा शाहीद मस्कतहून सांगतो, इथे पंप ऑपरेटरची जागा आहे, ये. सेहेचाळीसाव्या वर्षी पुन्हा सहा जणांच्या खोलीत राहायचं. पोरगी माहनूर बारावीला आहे. कुबराने पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून ठेवलंय.

तारीख नसेल तर दावा होतच नाही का?

ताहेर


अलिबाग
११ ऑगस्ट २०१२

प्रिय ताहेर,

होतो. कायदा बिलाची तारीख मोजत नाही, काम स्वीकारल्याची मोजतो. ती सिद्ध करावी लागेल. साइटवरच्या गेटबुकावर भरवसा नको, ते त्यांच्या ताब्यात आहे. तुझ्याकडे माणसांची हजेरी असेल आणि त्यांना मजुरी दिल्याची व्हाउचरं असतील. माणसं अमुक तारखेपर्यंत कामावर होती आणि त्यांचा पगार चुकता झाला, एवढं दिसलं की काम कधी संपलं ते दिसतं. फेब्रुवारीपासूनची सगळी पाठव.

बारा वर्षं कोरी बिलं दिलीस. तुझ्या जागी मी असतो तर बहुतेक मीही दिली असती. तेव्हा त्यावर काही म्हणत नाही.

मस्कतचं इतक्यात ठरवू नकोस.

हरेश


पनवेल
२७ ऑगस्ट २०१२

प्रिय हरेश,

हजेरी आणि व्हाउचरं पाठवतोय, एकूण एकशे सव्वीस. सगळ्यांचे सही-अंगठे आहेत. ईद साधीच झाली. घाईत आहे, बाकी नंतर लिहितो.

ताहेर


अलिबाग
४ सप्टेंबर २०१२

प्रिय ताहेर,

पंचवीस वर्षं मी लोकांचे कागद तपासतोय. तुझे कागद तपासताना डोळे मिटून घेईन असं तुला वाटलं का?

व्हाउचरांवर अंगठे वेगवेगळ्या दिवसांचे वाटतात, पण आकडे आणि तारखा सगळ्या एका पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या आहेत. हेही मी समजून घेतलं असतं. पण एका व्हाउचरवर बाळूला मे महिन्याची मजुरी सात जूनला दिली आहे आणि खाली त्याचा अंगठा आहे. तुझं नऊ जुलैचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात तू लिहितोस की बाळू एकतीस मेला वाडीवर गेला तो फिरकलेला नाही. मग सात जूनला त्याने अंगठा कुठे येऊन दिला?

तू मला विचारत होतास की तुझ्यासाठी कायदा आहे का. बाळूसाठीही आहे. तो तुझ्या-माझ्या जन्माच्या आधीचा आहे. मजुरी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायची. तुला पंचेचाळीस दिवस थांबवता येतं, त्याला सात.

हे कागद मी परत पाठवतोय. असेच परिषदेला द्यायचे असतील तर ते तू तुझे दे. माझ्या हातून जाणार नाहीत.

हरेश


पनवेल
१४ ऑक्टोबर २०१२

प्रिय हरेश,

सव्वा महिना लिहिलं नाही. पहिले आठ दिवस तुझा राग आला होता. नंतरचे दिवस काय लिहावं ते कळत नव्हतं.

आमच्यात असं करतात. महिना सुरू होताना पाच-सहा कोऱ्या व्हाउचरांवर प्रत्येकाचे अंगठे घेऊन ठेवतात, मग सोयीने भरतात. आणि एक पंधरवडा नेहमी मागे ठेवतात, म्हणजे माणूस सणाला गेला तरी परत येतो. माझ्या मुकादमाने माझं तसंच केलं होतं. मी धंदा सुरू केला तेव्हा मीही तेच केलं, त्यात काही वावगं आहे असं कोणी म्हटलं नाही. मजूरही म्हणाले नाहीत. आता वाटतं, कोणाकडे म्हणणार होते?

जूनमध्ये शेठचे पैसे आले नाहीत तेव्हा कुबराने गळ्यातली साखळी मोडली. त्यात आठ जणांचं निम्मं-निम्मं भागवलं. बाळू समोर नव्हता. समोर असलेल्यांना आधी देतो माणूस. त्याचे अकरा हजार चारशे राहिले. तुला 'सांभाळून घेतलंय' असं लिहिलं तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

मागच्या शुक्रवारी वाडीवर गेलो. बाळू मासे धरायला गेला होता. कृष्णाबाई ओट्यावर होती, पाय वाकडाच जुळलाय. मला बसायला गोणपाट दिलं. म्हणाली, जून गेला, जुलै गेला, डॉक्टर थांबत नव्हता, मग श्रावणात भट्टीवाल्याकडून पंधरा हजार उचल घेतली. आपट्याच्या पलीकडे नदीकाठी त्याची वीटभट्टी आहे. उचल घेतली म्हणजे दिवाळीनंतर ट्रक येणार आणि बाळू, त्याची बायको, म्हातारी, सगळी मेपर्यंत तिथे विटा थापणार. हिशेब शेवटी, भट्टीवरून उठताना. तिने एवढंच सांगितलं की दिवाळीच्या आधी पैसे परत केले तर मालक सोडेल, एकदा ट्रक आला की नाही. माझ्याकडे मागितले मात्र नाहीत.

आता दुसरं. शेठच्या हिशेबनीसाने निरोप पाठवलाय. दोन लाख रोख लगेच, पण 'सर्व येणं मिळालं, काही तक्रार नाही' असं लिहून द्यायचं. दोन लाखांत नऊच्या नऊ माणसं चुकती होतात, बाळू सुटतो. मग माझ्याकडे मटेरियलवाल्याचं देणं उरतं आणि शाहीदची खोली.

दावा केला तर दिवाळीच्या आत काही होईल का? दिवाळी तेरा नोव्हेंबरला आहे.

सोबत नवी यादी आहे. कोण किती दिवस कामाला होतं, कोणाला किती दिलं, किती द्यायचं राहिलंय. खरी आहे. खाली मी सही केली आहे, तारीख टाकून.

ताहेर


अलिबाग
२० ऑक्टोबर २०१२

प्रिय ताहेर,

यादी वाचली. ही मी पुढे पाठवीन. शेठचा वकील ती तुझ्याविरुद्ध वापरेल, म्हणेल हा स्वतः मजुरांचे बुडवतो. वापरू दे.

दिवाळीच्या आत काही होणार नाही. नव्वद दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलंय. पण नोटीस जायची, ती पोचायची, मग तारीख. होळीपर्यंत काही हातात आलं तर नशीब समज.

तू मला विचारलं नाहीस, पण विचारायचं आहे हे कळतं. कागद सांभाळणारा माणूस म्हणून सांगतो, दोन लाख घेऊन सही देऊ नकोस. एकदा दिलीस की पुढच्या वेळी हिशेबनीस एक लाखावर येईल, आणि तुझ्यानंतर येणाऱ्याला तेवढेही देणार नाही. तुझा मित्र म्हणून काय सांगावं ते मला कळत नाही. बाळूला मी ओळखत नाही. ओळखत असतो तर कदाचित वेगळं लिहिलं असतं.

अजून एक, तुला माहीत असावं म्हणून. परवा काळूरामशेठ ऑफिसात आला होता. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर टेबलावर वाकून मोठ्याने बोलला, सगळ्या हॉलने ऐकलं. तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही. विचारत होता, तो फॉर्म त्यालाही भरता येतो का, म्हणजे वरच्या बिल्डरवर दावा करता येईल. मी सांगितलं, नियमात बसत असाल तर आजच्या तारखेचा भरता येतो, पण झालेल्या कामाला लागेल याची खात्री देता येत नाही. फॉर्म घडी करून खिशात घातला. पायरीवर जरा वेळ बसला होता.

हरेश


पनवेल
१ नोव्हेंबर २०१२

हरेश,

दोन लाख घेतले नाहीत. अर्ज सही करून पाठवतोय, पुढे दे.

तीन जणांकडे पंधरा हजार उसने मागितले. जिथे गेलो तिथे त्यांचेही कोणाकडे तरी अडकलेले.

ताहेर


अलिबाग
२३ डिसेंबर २०१२

प्रिय ताहेर,

नोटीस गेली आहे. सुनावणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. सगळे मूळ कागद घेऊन जा, वेळेआधी जाऊन बस, आणि जेवढं विचारतील तेवढंच बोल. मला रजा मिळाली असती तर आलो असतो, पण तिथे बहिऱ्याचा काय उपयोग.

बाळूचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारायला उशीर केला.

हरेश


पनवेल
२४ फेब्रुवारी २०१३

प्रिय हरेश,

सगळं क्रमाने लिहितो.

सुनावणीला शेठ वकील घेऊन आला होता. वकिलाने आधी सांगितलं की हे बांधकाम आहे, कायद्यात बसत नाही. मग म्हणाला, काम पूर्णच झालेलं नाही, बिलावर तारीखसुद्धा नाही. मग तू म्हणालास तसं, माझी यादी उचलून वाचायला लागला, की बघा, हे गृहस्थ स्वतः मजुरांचे थकवतात. नऊ नावं वाचली. मी खाली बघत होतो.

शेठने ती यादी त्याच्या हातातून घेतली. चष्मा लावून स्वतः वाचली, शेवटपर्यंत. मग समोरच्या साहेबांना म्हणाला, "काम अठ्ठावीस मेला सपलं. मी सोता गच्चीवर हुतो. पानी भरलेलं, एक थेंब खाली नाय आला." वकिलाने त्याचा हात धरला. शेठने सोडवला.

समेट तिथेच झाला. वरच्या बिल्डरकडून शेठला काहीच आलेलं नाही. त्याने गावची जमीन विकायला काढली आहे, चार चेकनी माझी पूर्ण रक्कम आणि व्याजातलं थोडं द्यायचं ठरलं. बाकीचं व्याज मीच सोडलं. पहिला चेक सहा फेब्रुवारीला वटला. बाहेर आल्यावर मी सलाम केला, त्याने मान हलवली. चहाचं कोणीच काही बोललं नाही.

त्या आठवड्यात आठ जणांचं राहिलेलं दिलं. पाच जण परत कामाला आले, तिघं दुसरीकडे लागलेत. शाहीदला कळवलं की येत नाही. कुबराने पासपोर्ट कपाटात ठेवला, कुलूप लावून.

काल भट्टीवर गेलो. तू विचारलं होतंस म्हणून आणि मला जायचंच होतं म्हणून.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी ट्रक आला होता. नदीच्या काठाने झोपड्या आहेत, गवताच्या, आत उभं राहता येत नाही. कृष्णाबाई वाकड्या पायाने बसून वाळलेल्या विटा उभ्या करत होती. मी तिच्या हातात अकरा हजार चारशे ठेवले आणि वर वेगळे तीन हजार. तुझ्या कायद्यातल्या दराने केले असते तर याहून कमी होतात, पण मी तसे केले नाहीत. तिने विचारलं, हे तीन कशाचे? मी म्हटलं, उशीर झाला त्याचे.

ती म्हणाली, "उशीर तुमाला झाला. आमी तर वेळेवर आलो भट्टीवर."

टोचून नाही बोलली. जे झालं ते सांगितलं. पैसे दोन्ही घेतले, पदराला बांधले.

मालकाशी बोललो. म्हटलं, पंधरा हजार मी आत्ता भरतो, बाळूला सोडा. मालक वाईट माणूस नाही, त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, साहेब, आता पंधरा राहिले नाहीत, आठवड्याची खर्ची आणि किराणा चढलाय, आणि मुख्य म्हणजे थापणारा मधेच उठला तर माझा भट्टा अर्धा राहतो, मी कोणाला आणू? हिशेब मेमध्ये. मी त्याच्याशी वाद घातला नाही. सगळं तो माझ्यासारखंच बोलत होता. यावरही तुझ्याकडे कायदा असेल हे मला माहीत आहे. बाळूला मी तसं सांगितलंही, की अर्ज करता येतो, अलिबागला माझा मित्र आहे. त्याने पुढच्या विटेची माती उचलली.

बाळू उठला नव्हता. दिवसाला हजार विटा लागतात, त्याच्या तीनशे राहिल्या होत्या. मी थांबलो. उकिडवं बसून तो साच्यात माती मारायचा, वरून हात फिरवायचा, उलटायचा. कोब्यावर हात फिरवायचा तसाच. ऊन उतरल्यावर नदीवर हात धुऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. आईकडे पैसे मिळाले का एवढं विचारलं. मग बाकीच्यांची नावं घेऊन एकेकाचं विचारलं, कोण आहे, कोण गेला.

मी सांगितलं की एप्रिलमध्ये खारघरजवळ पाच गच्च्यांचं काम मिळतंय. लेखी मिळतंय, मुदत घालून.

म्हणाला, "पाच मंजी मोठं काम हाय. उतार कोन धरनार?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी थांबतो, मेपर्यंत.

तो थोडा वेळ हातांची माती खरवडत बसला. म्हणाला, "थांबू नका शेठ. गच्च्या पावसाआधी झाल्या पायजेत. दुसरा मानूस बघा."

वहिनींना सलाम सांग.

ताहेर